वन्संचा भिंतीवरचा फोटो

भर चैत्रातल्या दुपारी मी टिटवीच्या अंड्यांवर डालगं झाकलं होतं. आता सत्तरी मागं पडल्यावर हे कबूल करायला लाज वाटत नाही, पण तेव्हा वाटायला हवी होती. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं टोपलं. आमच्या भागात प्रत्येक वस्तीवर एखादं तरी असतंच. अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीला कुत्र्यामांजराचा उपद्रव नको म्हणून तिला त्याखाली झाकतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेली. फरक इतकाच की तिथं कोंबडी आत असते. माझ्या डालग्याखाली नुसती अंडी होती, आणि त्यांची आई बाहेर, माझ्या डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती. मला वाटलं, आभार मानतेय. मी डालग्यावर एक दगडही ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी बाभळीखाली जाऊन लवंडले. सांगलीतल्या एका निसर्गमंडळात मी तेव्हा दोन व्याख्यानं ऐकली होती. डोळ्यांवर गॉगल होता, अंबाड्यावर कशीबशी बसवलेली टोपी होती, पायात उंच टाचेच्या चपला होत्या आणि पर्समध्ये पक्ष्यांचं पुस्तक होतं. एवढी तयारी असलेल्या बाईला कोण काय शिकवणार? माझी नणंद आली, तिनं दगड बाजूला केला, डालगं उचललं आणि मला एकच वाक्य बोलली. त्या वाक्यावर मी पुढं कितीतरी दिवस रुसून बसले होते.

ती नणंद, माझ्या इंदू वन्सं, काही आठवड्यांपूर्वी माण तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर वारल्या. सकाळी प्रकाशचा, त्यांच्या मुलाचा, मुंबईहून फोन आला तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात मेथी निवडत बसले होते. त्यालाही शेजाऱ्यांनी नुकतंच कळवलं होतं. तांबडं फुटताना वन्संनी चहा घेतला, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली, चपला घालायला म्हणून ओट्यावर टेकल्या आणि टेकल्या त्या टेकल्याच. "मामी, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कॅमेरा घरात घेतला का रे? बाहेर दव असेल..." तो हुंदका देऊन म्हणाला, "मी मुंबईत आहे, मामी." मला आजही कळत नाही मी असं का विचारलं. पण वन्सं असत्या तर त्यांनीही आधी तेच विचारलं असतं, याची मला खात्री आहे.

वन्सं आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. आमचं सासर कवठे महांकाळच्या बाजूचं, वन्संना दिलं माणात. म्हणजे एका दुष्काळातून उचलून दुसऱ्या दुष्काळात ठेवलं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. त्यांनी नर्सचं शिक्षण घेतलं होतं. आडगावच्या उपकेंद्रात नोकरी, वाड्यावस्त्यांवर पायी फिरणं, बाळंतपणं. यजमान फौजेत. सुट्टीवर येताना त्यांनी एकदा कॅन्टीनमधून कॅमेरा आणला होता, आणि सुट्टी संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढण्याचा सपाटा लावला होता. त्यांच्या फोटोत सगळे सावधान असायचे. माणसं, बैल, नव्यानं बांधलेली विहीर, सगळंच. रिटायर होऊन घरी आले आणि दोन पावसाळे काढून आजारानं गेले. पुढं बऱ्याच दिवसांनी वन्संनी कपाट आवरताना कॅमेरा बाहेर काढला तर त्यात अर्धा रोल तसाच. धुवायला टाकायचा तर उरलेला वाया जाणार. वन्संना काही वाया गेलेलं सोसत नसे. बाळंतिणीच्या खोलीतली उरलेली कापसाची पट्टीसुद्धा त्या घडी करून पिशवीत टाकत. मग त्यांनी जे दिसलं त्याचे फोटो काढून तो रोल संपवला. पत्र्यावर वाळत घातलेली वाकळ. तिच्यावर बसलेला कावळा. दारात एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघणाऱ्या दोघी जावा. बांधाला टेकून झोपलेला माणूस, त्याच्या पोटावर त्याचीच टोपी. रोल धुऊन आला तेव्हा मी तिथंच होते. पहिले अर्धे फोटो सावधान, आणि पुढच्या अर्ध्यांत एकही माणूस सरळ उभा नाही. वन्संनी ते सगळे फोटो पलंगावर मांडले आणि बराच वेळ त्या मधल्या जागेकडं बघत राहिल्या, जिथं यजमानांचे फोटो संपून त्यांचे सुरू होत होते.

तेव्हापासून तो कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून उतरला नाही. पुढं प्रकाशनं लांब नळीचा नवा घेऊन दिला, तोही तसाच वापरला. विधवा बाई गळ्यात कॅमेरा अडकवून माळावर फिरते म्हणून लोक बोललेच असतील. पण अर्ध्या तालुक्याची नाळ त्यांच्या हातानं कापलेली. समोर कोण बोलणार? वन्सं म्हणजे फार गोड बाई होत्या असं मात्र कुणी समजू नका. तोंड फटकळ. वस्तीवर गेल्या की तंबाखूवर व्याख्यान द्यायच्या आणि घरी येऊन न्हाणीच्या आडोशाला मिसरी लावायच्या. कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागला की चिडायच्या. आणि पक्ष्यांची नावं त्यांना अखेरपर्यंत आली नाहीत, मी एवढं पुस्तक देऊनसुद्धा. त्यांनी आपली नावं ठेवली होती. शेपटी खालीवर करत तुरुतुरु रान मोजणारा धोबी म्हणजे तलाठी. हवेत एका जागी पंख मारत थांबणारी कापशी घार म्हणजे हापिसातली तपासणी. तळ्याच्या कडेला मान आखडून उभा असलेला बगळा म्हणजे त्यांचे चुलतदीर, "वाटणीला आल्यात." साळुंक्यांचा कालवा सुरू झाला की म्हणायच्या, "बचत गटाची मिटिंग भरली." आणि टिटवी? टिटवीचं नाव वैनी. म्हणजे मी. "ते बघा, वैनी वरडतीया. कायतरी झालं नसंल, तरीबी वरडतीया." हे त्या पाहुण्यारावळ्यांसमोर म्हणायच्या. मी पुस्तक उघडून तिचं शास्त्रशुद्ध नाव सांगू लागले की आणखी जोरात हसायच्या.

मी कृष्णाकाठची. डोळे उघडले तेव्हापासून हिरवा ऊस आणि काळं रान बघितलेलं. शाळेत शिकवत होते, त्यामुळं उन्हाळ्याची सुट्टी मोकळी असे. त्या सुट्टीत वन्संच्या वस्तीवर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले तेव्हा चारी बाजूंना मुरूम, कुसळं आणि बाभळी बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. मी नाक उडवून म्हणाले, "वन्सं, इथं फोटो कशाचा काढायचा? दगडांचा?" त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आवं वैनी, हितं मदी काय आडवं येत न्हाई, म्हणून तर लांबचं दिसतं. तुमच्याकडं ऊस. ऊस म्हंजी भित्तच की उभी!" मला तेव्हा वाटलं, आपल्या दुष्काळाची बाजू घेतायत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला टेकाडावर नेऊन बसवलं. उजाडलं तसं खाली माळावर ढगाची एक सावली चालत निघाली. एका मेंढ्यांच्या कळपावरून ती गेली, मग तालीच्या बांधावरून, मग एका एकट्या बाभळीवरून... आणि पलीकडच्या डोंगरावर चढून नाहीशी झाली. वन्संनी एकदाच बटण दाबलं. मी सबंध रोल संपवला. माझ्या सगळ्या फोटोंत पुढं माझ्या टोपीची किनार आली होती. अलीकडं त्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या, खालच्या अंगाला कालव्याचं पाणी आलं, डाळिंबं आली, ऊससुद्धा आला. मी हळहळायला लागले की वन्सं मला झापायच्या. "पानी आलं ते ब्येस झालं. घागरी काय तुमी व्हायल्या व्हत्या? पाखरं जातील की वरच्या माळाला."

त्यांचा खरा जीव पक्ष्यांपेक्षाही रिकाम्या बसलेल्या माणसांवर होता, असं मला वाटतं. गावाकडं कॅमेरा दिसला की माणूस लगेच ताठ होतो. बटणं लावतो, पदर सारखा करतो, श्वास धरतो. वन्सं मग कॅमेरा झाडाकडं वळवायच्या. पाखराचा फोटो काढतेय असं दाखवून तासन्‌तास झाडाकडं बघत बसायच्या. माणसं कंटाळून पुन्हा आपापली होत. कुणी दात कोरू लागे, कुणी पायाला तेल चोळू लागे, कुणी नुसतंच रस्त्याकडं बघत राही. तेवढ्यात हळूच इकडं वळून एक. झालं काम.

वस्तीपासून जवळच बिरूआबा म्हणून एक म्हातारे धनगर राहत. एका सकाळी आबा धुतलेला लाल पटका बांधून, कपाळाला भंडारा लावून वन्संच्या दारात हजर. "शिस्टर, माजा एक फोटू काडा. मागं पोरांस्नी भित्तीला लावाय पायजेल." आमच्याकडं ही पद्धतच आहे. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या हार घालायच्या फोटोची काळजी असते. तो आधीच काढून फ्रेम करून ट्रंकेत ठेवतात, लुगडी-धोतरांच्या घडीखाली. वन्सं म्हणाल्या, "आबा, मी भित्तीवरचं फोटू काडत न्हाई. दहिवडीला ष्टुडिओ हाय, तकडं जावा." आबा चिडले. "का? तुजं बटन झिजतंय व्हय?" वन्संनी त्यांना चहा दिला, मेंढरांची चौकशी केली, लांडगा आला होता का विचारलं. आबा बोलता बोलता राग विसरले आणि पायात मोडलेला काटा काढायला बसले. पाय मांडीवर उलटा, जीभ दातांत, पटका मागं सरकलेला... वन्संनी तेवढाच फोटो काढला. तो हातात पडल्यावर आबा जे भडकले! "ह्यात माजं तोंड कुटं हाय? निसता तळवा दिसतूया!" शेवटी ते दहिवडीला गेलेच, आणि धबधब्याच्या पडद्यापुढं उभं राहून फोटो काढून आले. आबा गेल्यावर तोच फोटो बाहेरच्या खोलीत हार घालून लागला. मी वन्संबरोबर भेटायला गेले होते. आबांची म्हातारी आत चुलीपाशी बसली होती. तिच्याशेजारी, फडताळाच्या कडेला, तो तळव्याचा फोटो टेकवून ठेवलेला. ती वन्संना म्हणाली, "भायेरचा पावण्यांसाठी. ह्यो माजा."

येताना वाटेत मी वन्संना विचारलं, भिंतीवरच्या फोटोचा तुम्हाला एवढा राग का? त्या थबकून बोलल्या. त्यांच्या घरात यजमानांचा वर्दीतला फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला, मोठा करून लावलेला. "वैनी, आदी त्येंचं हसनं आटवायचं मला. दात पुडं व्हतं थोडं, हसताना हात आडवा धरायचं. रोज त्यो फोटू बगून बगून आता तस्संच आटवत्यात. टोपी घालून. ताट. हसताना कसं दिसायचं, ते मला आता येत न्हाई डोळ्याम्होरं." एवढं बोलून त्यांनी पायवाटेवरचा एक खडा चपलेनं उडवला आणि पुढं चालू लागल्या. मी त्या वेळी काहीतरी समजुतीचं बोलले असणार. मी नेहमीच काहीतरी बोलते. पण ते त्यांचं वाक्य तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. ते कळायला हे वर्ष उजाडावं लागलं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. छातीची तपासणी करायला त्या सांगलीला आल्या होत्या. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, आणि आमचा लिफ्ट नसलेला तिसरा मजला त्या मधे चार वेळा बसून, प्रत्येक बैठकीला एक फोटो काढत चढून आल्या. दिवसभर गॅलरीत. समोरच्या इमारतीचा राखणदार खुर्चीत डुलक्या घेतोय. एक आजोबा कोरडी छत्री उघडून, उलटसुलट करून, पुन्हा मिटतायत. क्लासला निघालेल्या दोन मुली रस्त्यातच थांबून एका मांजराकडं बघतायत. वन्संना विश्रामबागेत माळाइतकंच सापडत होतं. मी मटार सोलत बसले होते. मधेच लक्षात आलं, कॅमेरा माझ्याकडं वळलाय. झटकन केसांवरून हात फिरवला, चष्मा सारखा केला. वन्संनी कॅमेरा खाली घेतला. "क्यास सारकं केलं, गेला फोटू." मी म्हणाले, "मग काय अवतारात काढणार होता?" तर म्हणाल्या, "अवतारच काडायचा व्हता. आता ह्यी बाई कोन बसलीया, मी वळकत न्हाई." मग आम्ही दोघी हसलो. त्यांना हसताना धाप लागली. मी पाणी आणायला धावले, पाठ चोळायला लागले, गोळी शोधायला लागले, डॉक्टरांना फोन लावू का म्हणून विचारत राहिले. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं, आणि मटाराच्या ताटाशेजारी मला खाली बसवलं.

वन्सं गेल्यावर दहाव्याच्या आधी फोटोचा प्रश्न आला. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागं राहिलेल्या बाईचा फोटो कुठून आणणार? लग्नकार्यातल्या फोटोंत त्या कुणाच्या तरी खांद्यामागं. मोबाईलमधल्या फोटोंत नुसता पंजा, "नगं नगं" म्हणत पुढं आलेला. राहिला आधार कार्डावरचा, त्यात त्या कोंबड्या चोरताना सापडल्यासारख्या दिसतात. गडबडीत प्रकाशनं तोच दहिवडीच्या स्टुडिओत दिला. तिथल्या माणसानं मनापासून काम केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानं वन्संच्या सुरकुत्या पुसल्या, डोळे उघडले, ओठ लाल केले आणि तो चेहरा दुसऱ्याच कुणाच्या तरी पैठणी नेसलेल्या धडावर बसवला. गळ्यात ठुशी, हातांत पाटल्या, मागं निळं आभाळ. वन्संनी जन्मात पैठणी नेसली नाही. लोक म्हणाले, "काय छान फोटो!" हार घातला गेला. मीही नमस्कार केला, आणि कुणाला केला ते मला कळलं नाही.

कॅमेरा प्रकाशनं आणून माझ्या हातात दिला. शेवटचा फोटो कोणता असेल म्हणून आम्ही सगळे पडद्यावर वाकलो. मला वाटलं सूर्योदय असेल, उडून चाललेली बदकांची माळ असेल... कोंबडी होती. तीही अर्धी, मागची बाजू. त्या गर्दीत फक्त मला हसू आलं, आणि बायकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडाला लावून त्याचं रडणं करून टाकलं.

सांगलीला परत आले. मग एका सकाळी गॅलरीत बसलेली असताना वन्संचा चेहरा आठवायला गेले, तर डोळ्यांसमोर ती पैठणीवाली आली. मी डोळे उघडले, मिटले. पुन्हा तीच. लाल ओठ, निळं आभाळ. मिसरीनं काळवंडलेल्या हिरड्या कुठं गेल्या? डाव्या भुवईवरची खोक कुठं गेली? इतक्या वर्षांची बाई आणि थोड्याच दिवसांत तिच्या जागी ही येऊन बसली! मला खरोखर भीती वाटली. मी तर लांब असते, मला रोज ती भिंत बघावी लागत नाही. प्रकाशचं काय? तो आईच्या महिन्यापर्यंत वस्तीवरच राहणार होता. सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं उदबत्ती लावणार होता.

त्या दिवशी मी कपाटातून एक जुना फोटो काढला. तो कुठं आहे हे मला नेहमीच माहीत होतं. त्याचीच गोष्ट मी सुरुवातीला अर्धी सोडली.

त्या चैत्रातल्या दुपारी वन्संनी मला टिटवीच्या अंड्यांपासून लांब बाभळीखाली बसवलं होतं आणि त्या म्हशीला पाणी पाजायला वस्तीवर गेल्या होत्या. "निस्तं ध्यान ठिवा," म्हणाल्या होत्या. मी ध्यान ठेवलं. मला कावळा दिसला. मग मेंढपाळाचं कुत्रं दिसलं. उघड्या मुरमावर, ना गवताची काडी ना सावली, अशी ती ठिपक्याठिपक्यांची अंडी, आणि त्यांची आई गुरांच्या पाण्याच्या डोणीकडं निघून गेलेली. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. गोठ्याच्या मागून डालगं आणलं, पुढचं तुम्हाला माहीत आहे. वन्सं आल्या, माझ्याकडं बघितलंच नाही. डालगं उचललं आणि ते घेऊन बाभळीखाली आल्या. मी घाईघाईनं समजावू लागले, कुत्रं कसं आलं, कावळा कसा बघत होता. मग म्हणाले, मी जाऊन अंड्यांवर थोडं पाणी शिंपडू का, तापली असतील, की चार काटक्या लावून सावली करू... तेव्हा त्या मला ते वाक्य बोलल्या. सुशिक्षित भावजयीला असं कुणी बोलतं का? मी गाल फुगवून बसले. त्या पुढं बसल्या होत्या, भुईवर, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, हनुवटी हातात. कॅमेरा मांडीवर तसाच, झाकण न काढलेला. पदर डोक्यावरून सरकलेला. शेजारी ते उलटं डालगं. टिटवी उन्हात लांब उभी होती. दोन पावलं पुढं यायची, थांबायची, खोटं खोटं काहीतरी टिपायची. मग उडून डोणीकडं गेली, पोट ओलं करून आली, आणि कधीतरी, आम्ही तिथं नसल्यासारखी, चालत चालत येऊन अंड्यांवर बसली. वन्संनी फोटो काढला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा रागात होते, आणि ही बाई बसलेली कशी गबाळी दिसते ते एकदा तिलाच दाखवू, एवढ्याच दुष्टपणानं माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. माझ्या हातून आयुष्यात निघालेला एकच बरा फोटो, तो असा. पुढं धुऊन आल्यावर मी तो त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि परत देत म्हणाल्या, "ह्यात डालगं लय ब्येस आलंय." त्या अंड्यांतून पिल्लं निघाली का, असं मी त्यांना कैक वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "टिटवीनं सांगितलं न्हाई."

महिन्याला मी माणात गेले तेव्हा तो फोटो पर्समध्ये होता. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. प्रकाश बाहेरच्या खोलीत एकटा होता. मी फोटो त्याच्या हातात दिला आणि लगेच बोलायला लागले. "भिंतीवर लाव असं मी म्हणत नाही हं. त्यांना भिंत आवडायची नाही. नुसता जवळ ठेव. पदर सरकलाय, मला ठाऊक आहे, लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे..." तो म्हणाला, "मामी, थांबा जरा." फोटो खिडकीच्या उजेडात धरून तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई अशीच बसायची. मी शाळेतून यायचो तेव्हा." खुर्ची घेऊन त्यानं ती पैठणीवाली फ्रेम खिळ्यावरून काढली, हार सोडवला आणि फ्रेम पलंगावर पालथी ठेवली. दुसरं काही तिथं लावलं नाही. खिळा तसाच राहिला. फोटो घेऊन तो ओट्यावर गेला आणि जिथं वन्सं शेवटच्या टेकल्या होत्या तिथंच पायरीवर बसला.

मीही मागोमाग बाहेर आले. अंगणात डालग्याखाली कोंबड्या खुडबुडत होत्या. लांब माळावरून टिटवीचा आवाज आला. प्रकाशचे खांदे हलायला लागले होते. त्याचा फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. मी तांब्याकडं वळले, पाणी द्यावं. मग वाटलं, पाठीवरून हात फिरवावा, चहा टाकावा, फोन तरी बंद करावा, काहीतरी चार शब्द बोलावेत... आणि दारातच थबकले. मी त्याच्यापासून थोडी लांब, ओट्याच्या कडेला जाऊन टेकले. त्या दुपारी, उलटं डालगं शेजारी ठेवून, समोरच्या टिटवीवरची नजर न हलवता, वन्सं मला म्हणाल्या होत्या:

"वैनी, आता काय बी करू नगा, निस्तं बसा हितं."